दोन्ही टोकं नदीला

अण्णांच्या तोंडून नुसतं 'ओढा' असं मी कधी ऐकलं नाही. ते 'येणारा ओढा' म्हणत, नाहीतर 'जाणारा ओढा' म्हणत. कळंब्याच्या रस्त्यावर एखाद्या मोरीपाशी उभं राहिलं, तर कठड्याच्या एका बाजूला तो येणारा आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेलं की जाणारा. ज्याला हे सांगता येत नाही त्यानं ओढ्याचं नाव काढू नये, असं त्यांचं मत होतं. मी त्यांच्या हाताखाली सहा वर्षं काम केलं. पहिली काही वर्षं त्यांना घाबरण्यात गेली. नंतरची भीती त्यांची नव्हती. ती कशाची होती हे मी आजवर घरातही सांगितलेलं नाही.

राजारामपुरीत एका दवाखान्याच्या वर आमचं ऑफिस होतं. दोन खोल्या, सात संगणक. विमानातून, पुढं पुढं ड्रोनमधून काढलेले जमिनीचे फोटो यायचे आणि ते पडद्यावर घेऊन आम्ही नकाशे करायचो. घर दिसलं की चौकोन, रस्ता दिसला की तपकिरी रेघ, पाणी दिसलं की निळी रेघ. रस्त्याची रेघ कुठूनही सुरू केली तरी चालते. पाण्याची मात्र जिथून पाणी येतं तिथून सुरू करायची आणि जिथं जातं तिथं सोडायची. संगणक त्याच क्रमानं तिच्यावर बाण उमटवतो. अडचण एवढीच की फोटोत पाणी हलत नाही. वरून पाहिलेला ओढा म्हणजे उसातून गेलेला एक काळा दोरा. तो इकडं चाललाय की तिकडं, हे त्याच्याकडं बघून कळत नाही.

ते ओळखायला मालकांनी अण्णांना आणलं होतं. हातकणंगल्याकडच्या जैन शेतकरी घरातले, सरकारी मोजणी खात्यात चाळीस वर्षं काढून निवृत्त झालेले. पांढरा शर्ट, त्याला दोन खिसे, एकात पेन्सिली आणि एकात चुरमुऱ्यांची पुडी. दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून पाचच्या ठोक्याला उठत. ज्याची रेघ अर्धी तपासून राहिली असेल त्याला सांगत, "उरल्याली उद्या बघू," आणि तो बिचारा घरी जाऊन उद्याचा विचार करत बसायचा. आम्ही बघतोय असं बघून ते मुद्दाम अर्ध्यात उठत, असा माझा संशय होता.

पहिल्याच आठवड्यात माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले.

"हे पाणी कुठनं आलं?"

"वरनं, अण्णा."

"वरनं म्हंजे?"

मी पडद्याच्या वरच्या कडेला बोट लावलं.

"ही वर न्हवं. ही उत्तर. पाण्याला काय ठावं उत्तर कुठं हाय ते? तुझ्या घरात नळ उत्तरंकडनं येतोय व्हय?"

सगळे हसले. मी माझ्या रेघा पाहिल्या. चाळीसच्या चाळीस ओढे मी पडद्याच्या वरून खाली सोडले होते. नवीन माणूस हीच चूक करतो, असं नंतर कळलं. कागदाची वरची बाजू म्हणजे डोंगर आणि खालची म्हणजे समुद्र, असं डोक्यात कुठंतरी बसलेलं असतं.

शाहूवाडीकडचे फोटो आले की अण्णा ते कागदावर छापून घेत आणि भिंतीला टाचून त्यांच्याकडं पाठ करत. मग कमरेत वाकून दोन पायांच्या मधून बघत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर आली. पण त्यात अर्थ होता. आपल्याकडं ऊन दक्षिणेकडून येतं, डोंगराची सावली फोटोत वरच्या अंगाला पडते, आणि कित्येकदा दरी डोंगरासारखी आणि डोंगर दरीसारखा दिसायला लागतो. तेच चित्र उलटं बघितलं की सगळं जागच्या जागी बसतं आणि ओढे डोंगराच्या माथ्यावरून उतरून खाली दरीत येतात.

"डोळ्याला उलटा टांगल्याबिगर त्यो खरं बोलत न्हाय," ते म्हणत.

गडहिंग्लजची एक मुलगी माझ्या शेजारी बसायची. ती म्हणाली, "अण्णा, मग फोटोच उलटा लावा की. तुम्ही कशाला वाकताय?"

"फोटो फिरवला की डोळ्याला कळतंय आपल्याला फसवाय लागलेत. गप बस."

 ती पुन्हा आपल्या पडद्याकडं वळली.

एवढं करूनही ज्या रेघांबद्दल खात्री होत नसे त्यांच्यासाठी एक लांबट वही होती, लाल कापडी पुठ्ठ्याची. तिला आम्ही शंकेची वही म्हणायचो. रेघेचा नंबर, शंका काय, कोण गेलं, काय दिसलं, सही. शंका लिहिली की कुणीतरी त्या ओढ्यापर्यंत जायचं, पाण्यात चुरमुरे सोडायचे, ते कुठं जातात ते बघायचं आणि येऊन लिहायचं. संगणकावर उंचीची माहिती असते, तिच्यावरून उताराचा अंदाज निघतो, असं मालकांनी एकदा सुचवून पाहिलं. अण्णा म्हणाले, उसाचं शेंडं आणि जमीन ह्यातला फरक त्या माहितीला कळतोय का ते आधी तिला इचारा. मालक पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत. पाय भिजल्याशिवाय सही करायची नाही, हा अण्णांचा नियम होता. कुणी जाऊन आलं की ते आधी त्याच्या चपलांकडं बघत.

शाहूवाडीतल्या एका फेरीत मी त्यांच्याबरोबर होतो. अण्णांनी ओढ्यात मूठभर चुरमुरे सोडले आणि आम्ही उकिडवे बसून बघत राहिलो. भाताच्या बांधावरून एक माणूस आला. लांबच उभा राहिला.

"पावणं, काय टाकताय वड्यात?"

"चुरमुरं."

"कशासाठनं?"

"कुठं जात्यात ते बघाय."

"आमच्या घराकडं जात्यात. करणी-बिरणी असंल तर आधीच सांगा."

"करणी न्हवं," अण्णा म्हणाले. "सरकारी काम हाय."

"मग तर लईच भ्या वाटतंय."

अण्णा हसले नाहीत. त्यांनी पुडी पुढं केली आणि दोघं बांधावर बसून उरलेले चुरमुरे खात पावसापाण्याचं बोलत राहिले. परतताना एसटीत मला म्हणाले, "त्येचं बरोबर हाय, लेका. आपल्या कागदाचं भ्या वाटाय पायजे. पाणी त्येच्या घराकडं जातंय का घराकडनं येतंय, हे आपण लांबच्या हापिसात बसणाऱ्याला सांगतोय. त्यो काय बघाय येणार न्हाय. आपण लिवलं तेच त्येला खरं."

मी मान हलवली. मला तेव्हा एसटीत झोप येत होती.

आता त्या रेघेविषयी. पंचगंगेच्या एका मोठ्या वळणात एक गाव आहे, त्याचं नाव लिहीत नाही. नदी त्याला तीन बाजूंनी वळसा घालते. त्या गावाच्या शिवारातून एक ओढा फोटोत दिसत होता. त्याचं एक टोक पूर्वेच्या अंगाला नदीला मिळालेलं आणि दुसरं पश्चिमेच्या अंगाला, तेही नदीलाच. मधला भाग उसाखाली. अण्णांनी फोटो सरळ बघितला, वाकून बघितला, आणि वहीत लिहिलं : 'दोन्ही टोकं नदीला. तोंड कुठलं?' पुढं माझं नाव घातलं.

तोंड कुठलं, म्हणजे ओढ्याचं पाणी कुठल्या टोकाला नदीत पडतं, हे का महत्त्वाचं, ते त्यांनी आम्हाला पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. नदी फुगली की ती ओढ्याच्या तोंडातून आत शिरते आणि ओढा उलटा चालू लागतो. तोंडाकडची बाजू आधी बुडते. दुसरी बाजू बराच वेळ कोरडी राहते. हे नकाशे पुराच्या दिवसांत माणसं कुठल्या वाटेनं काढायची हे ठरवायला जाणार होते.

मी फेब्रुवारीत एका सकाळी मोटारसायकलवरून निघालो. गावाच्या अलीकडं तीन-चार किलोमीटरवर गाडी पंक्चर झाली. ढकलत एका दुकानापर्यंत नेली. पंक्चर निघेपर्यंत साडेबारा वाजले. शेजारी उसाच्या रसाचा गाडा होता, मी दोन ग्लास रस प्यालो. ऊन लागत होतं. मी पंक्चरवाल्याला विचारलं, पुढच्या गावातला तो ओढा कुठं जातो?

"नदीला जातोय की. दुसरीकडं कुठं जाणार?"

"पूर्वेच्या अंगाला ना?"

त्यानं ट्यूबवरून मान वर केली नाही. "असंल की."

मी तिथून परत फिरलो. कारण विचारलं तर काहीच नाही. घरी कुणी आजारी नव्हतं, कुठं जायची घाई नव्हती. कंटाळा आला होता एवढंच. ऑफिसखालच्या दवाखान्याला बाहेरून एक नळ होता. त्या नळाखाली मी माझ्या चपला धरल्या, जिन्याशेजारच्या कुंडीतली माती त्यांना लावली आणि वर गेलो. वहीत लिहिलं : 'चुरमुरे सोडले. पूर्वेकडे गेले. तोंड पूर्वेला.' खाली सही केली. अण्णांनी चपलांकडं बघितलं, मान हलवली आणि पुढची रेघ घेतली.

खोटं लिहिल्यावर चार-पाच महिने काही वाटलं नाही. मग पावसाळा आला. कोल्हापुरात जुलै लागला की माणसं एकमेकांना नमस्कार करायच्या ऐवजी पाणी किती फुटांवर आलं ते विचारतात. राजाराम बंधाऱ्याची पातळी सकाळ-संध्याकाळ मोबाईलवर येते. दूधवाला सांगतो, रिक्षावाला सांगतो, शाळेतून येऊन मुलगी सांगते. प्रत्येक फुटाला मी पडद्यावर तो ओढा उघडून बघायचो. त्या गावाच्या बाहेर चार वर्षांपूर्वी प्लॉट पाडून नवी वस्ती झाली होती. फोटोत ती चांगली दिसायची, ओढ्याकाठी ओळीनं निळी पत्र्याची छपरं. राहणारी माणसं बाहेरगावची, कारखान्यात कामाला आलेली. गावातल्या म्हाताऱ्यांना पाणी कुठून चढतं हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत असतं. ह्यांना आमच्या बाणाशिवाय काही माहीत नव्हतं.

पहिल्या आठवड्यात मला जाऊन येता आलं असतं. मी तीनदा ती वही उघडली. एकदा तर अण्णांच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिलो. त्यांनी चष्म्यावरून बघितलं, "काय लेका?" मी म्हणालो, काही नाही, पाऊस जोरात आहे. "पाऊस हाय त्यो. पडणारच की," ते म्हणाले. चार दिवसांनी तिकडचा रस्ता पाण्याखाली गेला आणि जाऊन येण्याचा प्रश्न संपला. मला त्याचं बरं वाटलं. हे लिहायला नको वाटतं, पण खरंच बरं वाटलं.

ज्या दुपारी फोन आला तेव्हा ऑफिसात आम्ही तिघंच होतो, अण्णा, गडहिंग्लजची ती मुलगी आणि मी. बाकीच्यांची घरं पाण्यात होती किंवा वाटा बंद होत्या. मदत कक्षातून कुणी तरुण बोलत होता. त्या नव्या वस्तीतली माणसं ट्रॅक्टरनं काढायची होती. नकाशा त्याच्या पुढं होता, पण बाण बघूनही त्याला धीर होत नव्हता, म्हणून नकाशा करणाऱ्यांना विचारत होता.

"किती माणसं हायत?" अण्णा विचारत होते. "ट्रॅक्टरवाला धरून पंधरा. बारकी पोरं किती? बरं. ट्रॅक्टरवाला गावचाच हाय का? न्हाय? मग त्येला वाट कोण सांगणार? गावातल्या कुणाचा फोन लागत न्हाय व्हय?"

ऐकत ऐकत त्यांनी वही ओढून घेतली, पान काढलं आणि माझ्या सहीवर बोट ठेवलं. मग फोन कानापासून काढून त्यावर तळहात ठेवला आणि माझ्याकडं वळले.

"तू बघितलंस न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो.

"सोता?"

"व्हय, अण्णा."

त्यांनी पुन्हा वहीतल्या सहीकडं बघितलं. मग तळहात काढला.

"तोंड पूर्वेला हाय. ट्रॅक्टर पश्चिमेच्या वाटंनं काढा."

मी उठून मोरीत गेलो, नळ सोडला आणि त्याच्याकडं बघत उभा राहिलो. फोन टेबलावरच होता. बाहेर येऊन एक वाक्य बोलायचं होतं. मी मनाशी हिशोब करत होतो की पंक्चरवाला तिथलाच आहे, त्याला ठाऊक असणार, आणि नसलं तरी दोनातलं एक टोक बरोबर असणारच. पंधरा माणसांवर मी छापा-काटा करत होतो. नळ बंद करून बाहेर आलो आणि माझ्या जागेवर बसलो. मुलीनं चहा ठेवला. मी प्यालो.

पाऊण तासानं पुन्हा फोन वाजला. ह्यावेळी थेट ट्रॉलीतून कुणाचा तरी होता, मदत कक्षातल्या पोरानं आमचा नंबर त्यांना दिला होता. बोलणाऱ्याचा आवाज इतका मोठा होता की खोलीभर ऐकू येत होता.

"पाणी समोरनं येतंय. मागनं न्हाय, समोरनं येतंय. ट्रॅक्टर बंद पडलाय. डायवर खोली बघाय उतारला, त्यो उसात गेला, दिसंना झालाय."

त्याच्या मागं एक बाई एकच वाक्य म्हणत होती, मागं फिरवा की, मागं फिरवा की. ना ओरडून, ना रडून. दार लावून घ्या की, म्हणावं तशा आवाजात.

अण्णा उभे राहिले. त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. आपला अख्खा नकाशा त्यांच्या डोक्यात त्या एका क्षणात उलटा झाला.

"ऐक," ते म्हणाले. "ट्रॉली मागं घ्यायच्या नादाला लागू नका, ती वळणार न्हाय. पोरं खांद्यावर घ्या. बायकांच्या हाताला हात द्या. आल्या वाटंनं पूर्वेला चालत सुटा, वस्ती वलांडून तसंच म्होरं. माळ लागंस्तवर थांबायचं न्हाय. कुणी काय घ्यायचं न्हाय संगं. आत्ता. फोन ठेव."

त्यानंतर दोन तास फोन आला नाही. अण्णा खिडकीशी उभे होते. पाच वाजले, त्यांनी घड्याळाकडं बघितलंही नाही. मुलगी कोपऱ्यात मोबाईल हातात धरून रडत होती. मी संगणकासमोर बसून होतो आणि पडद्यावर ती रेघ होती, तिच्यावर माझा बाण. खिडकीबाहेर ढगांनी अंधारून यायला लागलं. मला एवढंच वाटत होतं की आता फोन येऊच नये.

माणसं वाचली. सहाच्या पुढं माळावरून कुणीतरी कळवलं, चौदा आहेत. पंधरावा ड्रायव्हर होता. त्यानं उसातल्या एका बाभळीला मिठी मारली होती आणि त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी बोटीनं काढलं. त्याचा आवाज गेला होता. पुढं महिनाभर तो कुजबुजल्यासारखा बोलायचा, असं कळलं. ह्या पंधरा माणसांना मी कधी पाहिलेलं नाही. त्यांना आपल्याला पश्चिमेला का पाठवलं हे माहीत नाही.

पाणी उतरल्यावर विचारणा झाली. मालकांनी वही मागवली. अण्णांनी ती दिली नाही.

"बाण माझ्या तपासणीतनं गेलाय. काय लिवायचं ते माझ्या नावावर लिवा."

"पण अण्णा, सही कुणाची आहे ते—"

"वही माझी हाय."

मी त्याच खोलीत होतो. मालक माझ्याकडं बघत होते. मी माझ्या नखांकडं बघत होतो. अण्णांनी पेन्सिली गोळा केल्या आणि ते गेले ते पुन्हा आले नाहीत. माझं काम चालू राहिलं. लोक म्हणाले, म्हातारा फार घमेंडी होता, शेवटी चुकलाच. मी त्यांच्या होला हो केलं नाही, आणि नाही असंही म्हणालो नाही.

तीन आठवड्यांनी एका रविवारी त्यांचा फोन आला. "गाडी हाय न्हवं तुझी? मला त्या ओढ्याकडं न्हे. तू हुबा राहिल्याली जागा बघायची हाय."

नाही म्हणायला कारण सुचलं नाही. मी त्यांना मागं बसवून निघालो. सगळीकडं चिखलाचा आंबट वास होता. ऊस जाग्यावर उभा होता पण शेंड्यापर्यंत गाळानं राखाडी झालेला.  त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. पंक्चरच्या दुकानापर्यंत मी गाडी बिनचूक आणली. त्यापुढं सरळ रस्ता होता, तोही जमला. मग एका वडापाशी वाट फुटली. डावीकडं ऊस, उजवीकडं ऊस. दोन्ही वाटांवर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या. पाटी नव्हती, विचारायला माणूस नव्हतं.

मी गाडी थांबवली.

अण्णा मागं तसेच बसून होते. सांगा डावीकडं की उजवीकडं, एवढं जरी ते म्हणाले असते तर मी अजून एकदा खोटं बोललो असतो, तेवढी तयारी माझी होती.  इंजिन चालू होतं. शेवटी मी ते बंद केलं.

"मी आलोच नव्हतो, अण्णा."

"ठावं हाय."

"आत्ता कळलं?"

"न्हाय." ते सावकाश उतरले, एका हातानं सीट धरून. "त्या दिवशी फोनवर हात ठेवून तुला इचारलं तवाच. तू व्हय म्हणालास आणि बघत हुतास जमिनीकडं. मला दिसलं. दिसूनबी मी त्येला पश्चिम सांगितली."

"का?"

त्यांनी उसाकडं बघितलं. 

"फोनवरला त्यो पोरगा घाई करत हुता. ठावं न्हाय, असं म्हणाय पायजे हुतं त्येला. गावातल्या कुणालातरी गाठ, म्हणाय पायजे हुतं. पर चाळीस वर्सांत मी कुणाला ठावं न्हाय म्हणालो न्हवतो, लेका. लाज वाटली."

मग ते डावीकडच्या वाटेला लागले. ती ओढ्याकडं जाते हे त्यांना कसं ठाऊक होतं कुणास ठाऊक. कदाचित नव्हतं. थोडं पुढं जाऊन, मागं न बघता म्हणाले, "ये."

गाडी सुरू करायचं धाडस मला झालं नाही. मी ती तशीच ढकलत त्यांच्या मागून चालू लागलो.